सांगाड्याने शेक्सपिअरला खोटं पाडलं म्हणे!

इंग्लंडातल्या लेस्टरच्या एका पार्किंगखाली २०१२ मध्ये तिथल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला, तेव्हापासून एक मजकूर फिरतो आहे. म्हणणं असं: राजा कुबडा नव्हताच, रिचर्डला हटवून गादीवर आलेल्या ट्यूडर घराण्यातल्या एलिझाबेथ राणीला खूश करायला शेक्सपिअरने 'तिसरा रिचर्ड' नाटकात त्याला मनचाच राक्षस बनवला, पुतण्यांच्या खुनाची आवई ट्यूडरांनी मागाहून उठवली, आणि वर कहर म्हणजे शूर राजाला पळून जायला घोडा मागताना दाखवलं. ऐकायला झकास. नाटक उघडलं की पंचाईत होते.

कुबडापासून सुरुवात करू. मणका वाकडा निघालाच, फक्त बाक मागे नाही, बाजूला आहे. ६५ ते ८५ अंशांचा. म्हणजे पाठीवर उंचवटा नाही, पण उजवा खांदा वर आणि डावा खाली. रिचर्डच्याच काळातल्या जॉन राउस या इतिहासकाराने हेच नाटकाच्या शंभरेक वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. (याच राउसने रिचर्ड गादीवर असताना त्याचे गोडवे गायले आणि राज्य पालटल्यावर 'हा दोन वर्षं आईच्या पोटात होता' असं लिहिलं. असो.) नाटकातला वाळलेला हात मात्र साफ खोटा. सांगाड्याचे दोन्ही हात धड आहेत.

पण तो हात शेक्सपिअरच्या डोक्यातून आलेला नाही. टॉमस मोर या ट्यूडरकालीन लेखकाच्या इतिहासात जून १४८३ मधली लंडनच्या टॉवर किल्ल्यातली बैठक आहे. रिचर्ड हसतखेळत येतो, इलीच्या बिशपकडे त्याच्या बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या मागतो, बाहेर जातो. परत येतो तो कपाळाला आठ्या घालून. बाही सारून हात दाखवतो, म्हणे चेटकाने वाळला. सरदार हेस्टिंग्ज बिचारा 'तसं केलं असेल तर...' एवढंच म्हणतो, तर त्या 'तर'वरच त्याचं डोकं जातं. शेक्सपिअरने हा प्रसंग स्ट्रॉबेऱ्यांसकट उचलला. आता तो बिशप कोण? जॉन मॉर्टन, रिचर्डचा कट्टर वैरी. आणि मोर पोरवयात त्याच्याच वाड्यावर चाकरीला होता. विष कालवलं गेलं असेल तर या वाड्यात, शेक्सपिअर जन्मायच्या कितीतरी आधी. राणीने नाटक सांगून लिहून घेतल्याचा पुरावा तर कुणीच दाखवलेला नाही.

शेक्सपिअरला पकडायचंच तर रिचर्डचा भाऊ क्लॅरेन्स याच्यावरून पकडा. त्याला १४७८ मध्ये मारवलं ते त्यांचा थोरला भाऊ एडवर्ड राजा याने. नाटकात खापर रिचर्डवर. आणि १४८२ मध्ये फ्रान्सात वारलेली मार्गारेट, सहाव्या हेन्रीची राणी, १४८३ च्या दरबारात उभी राहून शिव्याशाप देते! फिरणाऱ्या मजकुरात यातलं काही नाही.

पुतण्यांचं, म्हणजे एडवर्डच्या दोन मुलांचं, प्रकरण नाजूक आहे. 'काका, मला वाचवा' ऐकत वाढलेल्या आपल्याला निकाल द्यायची घाई होते. खून कुणी केला हे सिद्ध झालेलं नाही, कबूल. पण आवई ट्यूडरांची नव्हे. डॉमिनिक मॅन्चिनी हा इटालियन १४८३ मध्ये लंडनमध्ये होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने लिहिलं, की मुलं टॉवरच्या खिडक्यांआड दिवसेंदिवस कमी दिसू लागली आणि शेवटी दिसेनाशी झाली. थोरल्याचं नाव निघालं की लोक रडायचे, त्याला संपवल्याचा संशय होता. पुढे रिचर्डला हरवून सातवा हेन्री झाला तो हेन्री ट्यूडर तेव्हा परागंदा होता, समुद्रापार ब्रिटनीत.

राहिला शेवटच्या लढाईतला घोडा. 'घोडा! घोडा! घोड्यापायी माझं राज्य!' ही ओळ सगळ्यांना पाठ, पुढची कुणी वाचत नाही. रिचर्डचा माणूस केट्सबी म्हणतो, मागे व्हा महाराज, घोडा मी देववतो. राजा त्याच्यावरच उसळतो: जीव फाशावर लावलाय, दान पडेल ते पडो! रणात सहा रिचमंड (म्हणजे हेन्री ट्यूडर) दिसतायत, पाच मारले. घोडा हवाय तो सहाव्यासाठी. आणि हेही मनचं नाही. सातव्या हेन्रीच्या सांगण्यावरून इतिहास लिहायला बसलेल्या पोलिडोर व्हर्जिलनेच नोंदवलंय, की पळून जा म्हणून लोकांनी चपळ घोडा आणून दिला, तो रिचर्डने नाकारला आणि शत्रूंच्या गर्दीत एकटा लढता लढता पडला. पार्किंगखालच्या त्या कवटीवर नऊ घाव आहेत.