दोन वेगळ्या बुटांच्या फोटोत न मावलेला सीझन

गेल्या आठवड्यात शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो फोटो पुन्हा आला. रांगडा गडी, दोन पायांत दोन वेगळे बूट. खाली मजकूर: बूट चोरीला गेले, कचऱ्यातले दोन उचलून घातले आणि ऑलिंपिकची सुवर्णपदकं जिंकली. तुमचं कारण काय? पूर्वी मीही खाली अंगठा टाकायचो. आता डोकं सणकतं.

फोटो खरा आहे. गडी म्हणजे जिम थॉर्प. १९१२, स्टॉकहोम, पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, म्हणजे पाच आणि दहा क्रीडाप्रकारांच्या स्पर्धा. पण तिथून परतल्यावर तो कुठे गेला हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. तो शाळेत परत गेला आणि फुटबॉल खेळला. आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकेचा, अंडाकृती चेंडूचा.

शाळा कुठली? पेन्सिल्व्हेनियातली कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल. १८७९ साली रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या बराकींत काढलेली. "इंडियन मारा, माणूस वाचवा" हे धोरण त्याचंच. इंडियन म्हणजे भारतीय नव्हे, अमेरिकेतले मूळनिवासी. मूळनिवासी जमातींची पोरं आईबापांपासून शेकडो मैल दूर आणायची, केस कापायचे, नाव बदलायचं, स्वतःची भाषा बोलली की शिक्षा. आवारात दफनभूमीही होती. घरी न पोहोचलेल्या मुलांची. त्यातल्या काहींचे अवशेष घरच्यांकडे जायला सुरुवात झाली ती २०१७ साली.

खरं तर हे कॉलेज नव्हतंच, पण टीम मात्र बड्या बड्या कॉलेजांशी भिडायची. बहुतेक सामने परक्या मैदानांवर, कारण तिकिटाचा गल्ला तिथे मोठा.

१९१२ चा सीझन: १२ विजय, १ बरोबरी, १ हार. बरोबरी वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजशी, ०-०. हार पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून, ३४-२६. त्याच वर्षी नियम बदलले होते: चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला तीनऐवजी चार प्रयत्न, टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेण्याचे, पाचऐवजी सहा गुण. कोच ग्लेन 'पॉप' वॉर्नरने 'डबल विंग' नावाची नवी रचना बसवली होती. चेंडू नक्की कोणाच्या हातात आहे हे समोरच्याला कळेपर्यंत माणूस पुढे निघून गेलेला.

९ नोव्हेंबरला सामना वेस्ट पॉइंटवर, अमेरिकेच्या लष्करी अकादमीशी. टीमचं नाव आर्मी. अमेरिकी सैन्याने मूळनिवासींचं केलेलं वुंडेड नीचं हत्याकांड होऊन बावीसच वर्षं झालेली आणि समोर उद्याचे लष्करी अधिकारी. वॉर्नरने पोरांना तेवढीच आठवण करून दिली म्हणतात, बाकी काही सांगायची गरजच नव्हती. आर्मीने आधी सहा गुण काढले, पुढे काही नाही. निकाल २७-६. तीन टचडाउन अॅलेक्स अर्कासाची, थॉर्पची नव्हेत. कार्लाइलच्या जो गायन या खेळाडूशी मारामारी केल्याबद्दल आर्मीच्याच कर्णधाराला बाहेर काढलं. आणि थॉर्पला आडवा करायला दोन कॅडेट एकदम झेपावले, तो जागच्या जागी थबकला आणि दोघं एकमेकांवरच आदळले, असं सांगतात. त्यातला एक आयझेनहॉवर. हो, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच.

जानेवारी १९१३ मध्ये बातमी फुटली की थॉर्पने आधी नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी, म्हणून पदकं काढून घेतली. खेळ संपल्यावर तीस दिवसांतच तक्रार करता येते असा ऑलिंपिकचा नियम होता. जवळजवळ सहा महिने उलटून गेले होते. नियम कोणी उघडून पाहिला नाही. वॉर्नर म्हणाला, मला काहीच ठाऊक नव्हतं. एवढ्या हुशार कोचला आपला सगळ्यात मोठा खेळाडू दोन उन्हाळे कुठे होता हे ठाऊक नव्हतं, यावर माझा तरी विश्वास बसत नाही. थॉर्प १९५३ साली वारला. पदकांच्या प्रतिकृती घरच्यांना मिळाल्या १९८३ मध्ये आणि एकमेव विजेता म्हणून नाव पुन्हा लागलं २०२२ मध्ये. आता त्याला कोण विचारणार, तुझं कारण काय?

माझा आवडता खेळाडू मात्र दुसराच, त्या सीझनचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर चाली ठरवणारा, गस वेल्श. याने शाळेतल्या कारभाराविरुद्ध विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा केल्या आणि १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसची चौकशी शाळेत येऊन बसली. फुटबॉलचा पैसा कसा उधळला जातो, कोच पोरांना शिव्या घालतो, हात उचलतो, सगळं बाहेर आलं. चेंडू काखेत मारून पळणं ठीक आहे हो, पण ज्याच्या हाताखाली खेळलो त्याच्याविरुद्ध जबानी द्यायची?

शाळा १९१८ साली बंद झाली. वॉर्नर त्याआधीच पिट्सबर्गला गेला आणि तिथेही जिंकत राहिला. अमेरिकेत लहान मुलांच्या फुटबॉल लीगला आजही त्याचंच नाव आहे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. वर्गातल्या एकाने विचारलं, मग बुटांचं काय?