यूएसबी पोर्ट रुसला म्हणजे मदरबोर्ड गेला?

फिरून फिरून एक मेसेज येतो : ‘जुन्या लॅपटॉपवर पोर्टेबल हार्ड डिस्क चालेना, ती टकटक करते, वर विंडोज पॉवर सर्जची सूचना देतं, तर समजा मदरबोर्ड (लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड) गेला. सेटिंगमध्ये खुडबुड करू नका, नवा लॅपटॉप बघा.’ घाईचा सल्ला आहे.

‘डिस्क टकटकते, म्हणजे पोर्टात दम उरला नाही.’ दम मुळातच बेताचा असतो. यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलिअँपिअरची अपेक्षा असते, ३.० कडून ९०० ची. तबकडीवाली डिस्क फिरायला लागताना क्षणभर १ अँपिअरच्या आसपास ओढू शकते. त्यात केबल लांब आणि बारीक असेल तर पोर्टातून निघालेले ५ व्होल्ट वाटेतच घसरतात. मग डिस्क फिरू बघते, थांबते, पुन्हा फिरू बघते; ती टकटक बहुधा हीच. आधी आखूड, जाड केबल लावा, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी). त्याच पोर्टाला ऑप्टिकल माऊसही लावून बघा. खालचा दिवा लागला तर वीज येतेय. पूर्ण ५०० मिळतात का, हे माऊस सांगणार नाही, पण पोर्ट मेलेला नाही एवढं नक्की. (आणि दुसऱ्या लॅपटॉपवरही टकटक झाली तर पोर्ट सोडा, आधी डेटाची काळजी करा.)

‘पॉवर सर्ज म्हणजे पोर्ट जळला.’ उलट आहे. मर्यादेबाहेर करंट ओढला गेला आणि संरक्षक सर्किटने तो तोडला, असं ती सूचना सांगते. टॉर्च मारून आत बघा : प्लॅस्टिकच्या जिभेवरची एखादी पट्टी वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकलीय का, कचरा अडकलाय का. कचरा काढायचा तर लॅपटॉप बंद, चार्जर आणि निघत असेल तर बॅटरी बाहेर, हातात लाकडी टूथपिक. टाचणी अजिबात नको.

‘सेटिंगने काही होत नाही.’ बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) यूएसबी कीबोर्ड चालतो आणि विंडोजमध्ये नाही, तर दोष विंडोजकडेच शोधायचा. डिव्हाइस मॅनेजर, यूएसबी रूट हब, पॉवर मॅनेजमेंट : वीज वाचवायला हब बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढा.

मदरबोर्ड कधी जातच नाही असं नाही, पाणी सांडलं असेल तर विशेषच. पण कित्येक लॅपटॉपांत एका बाजूचे पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतात आणि तो पट्टीसारख्या केबलने जोडलेला असतो. तीच बाजू बंद असेल तर दुरुस्तीवाल्याला आधी ती केबल आणि तो बोर्ड तपासायला सांगा.