पंधरा वर्षं थांबायची तयारी आहे का?

आमच्या घरच्या ग्रुपवर दर ऑलिंपिकनंतर, आणि हल्ली मधल्या वेळातही, एकच वाद पेटतो: आपल्या मुलींना धावण्यात पदकं का मिळत नाहीत? या वेळी नाशिकच्या भाऊजींनी निकालच देऊन टाकला. "परदेशी कोच आणा, दोन वर्षांचा करार करा, पदक नाही आलं तर विमानात बसवा." खाली अंगठ्यांची रांग. वर मला टोला, "तू तिकडेच आहेस, पाठव एखादा."

पाठवते ना. आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी गावात राहतो. शेजारी रॅलेमध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आहे आणि तिथल्या मुलींच्या क्रॉस कंट्री, म्हणजे माळरानावरून धावण्याच्या, संघाच्या कोच आहेत लॉरी हेनेस. 2021, 2022, 2023 अशी सलग तीन वर्षं त्यांच्या मुलींनी एनसीएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं, विजेतेपद घेतलं. भाऊजींना हवा तसाच बायोडेटा आहे, फक्त तो खालून वर वाचायला हवा. बाई मूळच्या याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. 1991 मध्ये कॉलेजकडून धावताना दहा हजार मीटरच्या राष्ट्रीय विजेत्या. मग इथेच रॉली गायगर यांच्या हाताखाली सहायक. मुलींच्या क्रॉस कंट्रीची सूत्रं त्यांच्याकडे आली 2006 मध्ये, आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं नोव्हेंबर 2021 मध्ये. भाऊजींच्या करारात त्या 2008 सालीच विमानात बसल्या असत्या.

त्याच 2021 च्या जूनमध्ये त्यांची मुलगी एली एनसीएएची पाच हजार मीटर जिंकली, तीही आईच्याच तालमीत, आईच्याच कॉलेजकडून. हे ग्रुपवर टाकलं तर लगेच "घराणेशाही" आलं. स्टॉपवॉचला आडनाव वाचता येत नाही, असं लिहिलं आणि पुसलं. मोठे आहेत.

पण माझी खरी चिडचिड "पदक" या एकाच शब्दावर गाडी अडते त्याची आहे. क्रॉस कंट्रीत संघाच्या सात मुली धावतात, पहिल्या पाचजणींच्या क्रमांकांची बेरीज करायची, ज्यांची बेरीज सर्वांत कमी ते जिंकले. सहा किलोमीटर, गवत, चढ, नशिबात असेल तर चिखल. 2023 मध्ये शार्लट्सव्हिलला स्टेटची बेरीज झाली 123 आणि नॉर्दर्न ॲरिझोनाची 124. पाचांतल्या एकीने एक जागा गमावली असती तर बरोबरी, आणि तीच जागा ॲरिझोनाच्या पाचांतल्या एखादीने घेतली असती तर हार. आदल्या वर्षी वैयक्तिक पहिली आलेली केटलिन टूही संघात होती, पण त्या दिवशी ती काही पहिली आली नाही. अशा शर्यती पाचवी मुलगी जिंकून देते, जिच्यासोबत कुणी सेल्फी काढत नाही. ही पाचवी तयार करायला वेळ लागतो, आणि आपल्याकडे तिच्यासाठी हार आणणारा नगरसेवक अजून जन्माला यायचाय.

माझी लेक हायस्कूलच्या ज्युनियर व्हर्सिटीत, म्हणजे दुसऱ्या फळीच्या संघात, धावते, म्हणजे पाचवीच्याही बरीच मागे. वेकमेड पार्कात शर्यत असली की मी शेवटच्या दोऱ्यांपाशी केळी आणि पाणी वाटते. पोरी येतात त्या सरळ गवतावर आडव्या. कुणी ओकते, कुणी एका पायातल्या बुटावर आलेली असते. तिचे कोच शाळेत केमिस्ट्री शिकवतात. ते तिथे उभं राहून प्रत्येकीला नावाने हाक मारून तिची वेळ सांगतात. शेवटून दुसरीलासुद्धा, आणि मागच्या वेळेपेक्षा किती सेकंद कमी तेही. माझ्या शाळेत पीटीचा तास गणिताच्या बाई मागून न्यायच्या.

इथे पैसा आहे, हे भाऊजी म्हणणारच. आहेच. फुटबॉलच्या उत्पन्नावर मुलींचं धावणं चालतं आणि 1972 च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींना वगळून चालत नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. वादात आपल्या सोयीचंच लिहायचं असतं.

त्याऐवजी नाशिकचंच उदाहरण दिलं. साईचे, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे, कोच विजेंदर सिंग भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर वर्षानुवर्षं ठाण मांडून राहिले. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूला आशियाई रौप्य आणलं. मागोमाग मोनिका आथरे, संजीवनी जाधव. पदकच मोजायचं तर हे मोजा, आणि त्यामागची पहाटेची वर्षंही.

यावर भाऊजींनी बरोबर ठेवून दिली. "एका जागी टिकण्याचं कौतुक तू सांगतेस? नाशिक सोडून कोण गेलं?"

झोंबलं. भोसलाचं मैदान माझ्या क्लासच्या वाटेवर होतं. पहाटे तिथे मुली धावताना रिक्षातून दिसायच्या, मी मांडीवरच्या वहीत सूत्रं पाठ करत असायचे. आता केरीत इतकी वर्षं एका घरात, एका नोकरीत आहे, पण ते काही हेनेसबाईंसारखं नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहिलेला माणूस हलत नाही एवढंच. स्टेटचा लाल स्वेटशर्ट घालून "गो पॅक" ही त्यांची आरोळी ठोकते, त्या कॉलेजात एक दिवस शिकले नाही. आणि आशियाई स्पर्धा आल्या की रात्री तीनला उठून निकालात नाशिकचं नाव शोधते. नवरा म्हणतो, सकाळी बघ ना. सकाळी बघून काय मजा?

भाऊजींची धाकटी यंदा आठवीत गेली. छान पळते, असं ताई सांगत होती. मी विचारलं, भोसलावर घालताय का तिला? भाऊजींचं उत्तर लगेच आलं: "नववीपर्यंत पळू दे. मग क्लास आहेत."