चौरंग

आमच्या घरात सकाळी 'चहा टाकू का?'च्या आधी 'झाली का?' विचारतात. काय, ते कुणी बोलत नाही. मी 'नाही' म्हटलं की आई कपाळाला हात लावते आणि बायको पाण्याचा तांब्या पुढे सरकवते.

आठ महिने हे बद्धकोष्ठ सोसून पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. थायरॉइड, कॅल्शियम, साखर, सगळे रिपोर्ट उत्तम. मग त्यांनी ब्रिस्टलचा तक्ता समोर धरला. 1997 सालापासून जगभर चालतो म्हणे. त्यात मळाच्या सात तऱ्हांची चित्रं. 'यात तुमचं कुठलं?' मी लेंड्यांवर बोट ठेवलं. शाळेत कधी आला नाही तो पहिला नंबर इथे आला!

'आठवड्यातून तीनदा झाली तरी चालतं,' डॉक्टर म्हणाले. 'तुमची दोनदा, तीही कुंथून. आणि कारण काही सापडत नाही.' याला इडिओपॅथिक म्हणतात. हा शब्द मला सातशे रुपयांना पडला.

घरात तो कुणालाच पटला नाही. कारण नाही म्हणजे काय? आईच्या मते बिस्किटांतला मैदा. बायकोच्या मते सोफा. समोरच्या बिऱ्हाडातले काका आवाज खाली आणून म्हणाले, 'काहीतरी मनात दाबून ठेवलंयस तू.' मनात नाही हो, काका!

'यस्य माता गृहे नास्ति तस्य माता हरीतकी', ज्याची आई घरी नाही त्याची आई हिरडा, असं म्हणतात. माझी आई घरी आहे, तरी ती रोज रात्री हिरड्याचं चूर्ण देते. आया दोन, आणि दोघी कडू.

डॉक्टरांनी इसबगोल दिला होता. पेलाभर पाण्यात दोन चमचे, ढवळलं की लगेच प्यायचं, वर आणखी पेलाभर पाणी. तो भुसा पाणी धरून फुगतो आणि मळ मऊ ठेवतो. पाणी कमी पडलं तर स्वतःच वाटेत ठाण मांडतो. त्यातलं 'लगेच' मी मनावर घेतलं नाही. फोन आला, बोलत बसलो. परतलो तर पेल्यात खळ तयार आणि चमचा मधोमध ताठ उभा. शेवटी ते चमच्याने खाल्लं.

दुसरी सूचना बसण्याची. जेवणानंतर आतडं आपसूक हलतं, तेव्हा नाश्त्यानंतर बसा. आणि कमोडवर बसताना पायाखाली काहीतरी घ्या. उकिडव्यासारखं बसलं की आतला आवळलेला स्नायू सैल पडतो, वळण सरळ होतं. मी घरभर उंची मोजत हिंडलो. माळ्यावर नेमक्या मापाचा चौरंग सापडला. काय वस्तू आहे! पाय ठेवताच अर्धं काम झाल्यासारखं वाटलं.

तेराव्या दिवशी पौर्णिमा होती. सत्यनारायणासाठी आईने चौरंग शोधायला घेतला आणि तिला तो सापडला.

त्या दिवशी मला 'झाली का?' कुणी विचारलं नाही. संध्याकाळी बायकोने प्लास्टिकचं स्टूल आणलं. चौरंग तीनदा धुतला, गोमूत्र शिंपडलं, तरी पूजा पाटावरच झाली.

महिन्याभरात मी तक्त्यावर चौथ्या नंबरापर्यंत, म्हणजे मऊ नि सलगपर्यंत, उतरलो. आई म्हणाली, हिरडा. बायको म्हणाली, मी चालायला नेते म्हणून. काकांनी पाठ थोपटली, 'बोललास ना शेवटी मनातलं?'

परवा पुन्हा दोन दिवस नाही झाली. आई म्हणाली, 'चौरंगावर पाय ठेवलास ना!'