दाढीचा हिशेब पाण्याच्या टाकीत : अमळनेरच्या वाचकांना उत्तर

महोदय,

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. युद्धकाळातील नौदल अधिकाऱ्यांच्या दाढीवरील माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. माणसे बुडून मरत असताना गुळगुळीत हनुवटीचे कौतुक करणे म्हणजे साहेबी थाटापुढे मान तुकवणे, हा पहिला. ‘युद्धात नौदलाने दाढीला मज्जाव केला’ हे माझे विधान जर्मन पाणबुड्यांवरील दाढीवाल्या खलाशांच्या छायाचित्रांशी जुळत नाही, हा दुसरा. शेवटी आपण अहिराणीत विचारले आहे, ‘पेवाले पानी नही, तठे दाढी कसानी?’ म्हणजे, प्यायला पाणी नाही, तिथे दाढी कसली?

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे चूक माझीच आहे. ब्रिटिश नौदलाने १८६९ सालीच दाढी राखण्याची मुभा दिली होती आणि ती दोन्ही महायुद्धांत होती. अट एवढीच, की दाढी आणि मिशी दोन्ही वाढवायच्या. नुसती मिशी चालत नसे. इच्छुकाने ‘दाढी करणे थांबवण्याची’ रीतसर परवानगी मागायची, आणि काही आठवड्यांनी ती विरळ, ठिगळे लावल्यासारखी दिसली तर वरिष्ठ त्याच्या हाती पुन्हा वस्तरा देत. गंमत अशी, की त्याच देशाच्या भूदलात ऑक्टोबर १९१६ पर्यंत वरचा ओठ भादरण्यास मनाई होती. एकाच राजाच्या चाकरीत असे दोन उलटसुलट नियम नांदत होते, आणि तो राजा, पंचम जॉर्ज, स्वतः नौदलात वाढलेला, पूर्ण दाढीवाला. दाढीमुळे विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसत नाही, हे कारण मी खंदकांतल्या सैनिकांकडून उचलून जहाजांना चिकटवले, ती माझी घाई.

पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही, आणि त्याचे उत्तर आपल्या अहिराणी प्रश्नातच आहे. वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेवर गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापासूनच, ऊर्ध्वपातनाने तयार करावे लागे. त्यावर पहिला हक्क बॉयलरचा, कारण खाऱ्या पाण्याने नळ्यांत थर बसून जहाजच ठप्प झाले असते. त्यानंतर पिणे आणि स्वयंपाक, आणि उरलेच तर अंग धुणे. जर्मनीच्या सातव्या प्रकारच्या पाणबुडीत चाळीस-पंचेचाळीस माणसे कोंबलेली असत. दोन शौचालयांपैकी एकात तर निघताना शिधा भरलेला असे. तिथे गोड्या पाण्याने दाढी करणे ही चैन होती, म्हणून कित्येक आठवड्यांच्या मोहिमेवरून परतताना कप्तानापासून खलाशापर्यंत बहुतेकांची दाढी वाढलेली दिसे. प्रशांत महासागरातील अमेरिकी पाणबुड्यांवर ऊर्ध्वपातनाची यंत्रे होती. तरी तिथेही बॅटऱ्यांचा वाटा आधी काढून ठेवावा लागे. घरच्या इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर ओतणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग समुद्राच्याच पाण्याने दाढी का करत नसत, असे आपण विचाराल. धुळ्यात आमच्याकडे नळाचे पाणी काही दिवसांआड येते. मधल्या दिवसांत बोअरवर भागवावे लागते. आपली प्रतिक्रिया आल्यावर मी त्या जड पाण्याच्या एका लिटरमध्ये पस्तीस ग्रॅम मीठ विरघळवले, कारण समुद्रात साधारण तेवढाच क्षार असतो, आणि नेहमीच्या साबणावर ब्रश फिरवला. फेस आलाच नाही. वाटीत पांढरट, चिकट साय तेवढी धरली आणि पाते गालावर खरडत गेले. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका करतात, आणि मीठ उरल्यासुरल्या साबणालाही विरघळू देत नाही. खोबरेल तेलाच्या साबणाला त्यातही थोडा फेस आला; खलाशांसाठीचा खाऱ्या पाण्याचा साबण याच तेलापासून करत. नंतर तुरटी फिरवली तेव्हा जी आग झाली, तिचे वर्णन करत नाही. सौभाग्यवतींनी वाटी परत स्वयंपाकघरात न नेण्याची ताकीद दिली, ती वेगळीच.

तेव्हा मोहिमेच्या विसाव्या दिवशी एखादा अधिकारी सफाचट दिसत असेल, तर मला त्यात थाटाआधी जहाजाच्या यंत्राची आणि टाकीची अवस्था दिसते. थाट अजिबात नव्हता असे माझे म्हणणे नाही. मोठ्या जहाजावर अधिकाऱ्यासाठी सेवक असत आणि खलाशी सामाईक मोरीत बादलीभर पाण्यावर भागवत. ही विषमता मी लेखात गाळली, आणि आपली नाराजी तिच्याबद्दल असेल तर ती रास्त आहे.

‘दाढीला मज्जाव’ हे वाक्य आज मूळ लेखातून काढून १८६९ च्या परवानगीचा मजकूर घातला आहे आणि खलाशांच्या मोरीवर एक परिच्छेद जोडला आहे. आपण ज्या छायाचित्रांचा दाखला दिला आहे, ती मोहिमेवर निघतानाची आहेत की परतल्यावरची, एवढे मात्र एकदा पाहावे.