'नाग ठेवायला हरकत नाही' म्हणणाऱ्या त्या व्हिडिओबद्दल

भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. हल्ली तो साप पकडणाऱ्या पोरांबरोबर हिंडतो. व्हिडिओत पाळलेल्या विषारी सापांची, सगळ्यात घातक कोण, अशी क्रमवारी लावलीय. ऑस्ट्रेलियातला इनलँड तैपान पहिला, आपला नाग पार खाली, आफ्रिकेतला झाडांवर राहणारा बूमस्लँग तर 'बिनधास्त हाताळा'. वर आणखी दावे: पिंजऱ्यात वाढलेला साप मालकाला ओळखतो, विषदंत काढले की विषय संपला, अँटीव्हेनम, म्हणजे सर्पविषावरचं औषध, सगळ्या सापांवर चालतं. खाली भाच्याचा प्रश्न: 'मामा, म्हणजे नाग ठेवायला हरकत नाही ना?'

आहे. सरळ हरकत आहे.

आधी बूमस्लँग, कारण सगळ्यात घातक बकवास तिथे आहे. म्हणे याचे विषदंत जबड्यात मागे असतात, त्यामुळे माणसाला विष पोचतच नाही. सप्टेंबर 1957 मध्ये शिकागोच्या प्राणिसंग्रहालयाने ओळख पटवण्यासाठी एक साप फील्ड म्युझियमकडे पाठवला. कार्ल श्मिट यांनी तो हातात घेतला. वय 67, हयात सापांच्या अभ्यासात गेलेली. बूमस्लँगचं पिल्लूच ते, डाव्या अंगठ्याला चावलं, तेही एकाच दाताने, जेमतेम तीन मिलिमीटर खोल. एवढ्याने काय होतंय, असं समजून ते घरी गेले आणि लक्षणं लिहीत बसले. मळमळ, हुडहुडी, रात्री हिरड्यांतून रक्त. सकाळी नाश्ता केला, दुपारी ते गेले. पुढे 1975 मध्ये रॉबर्ट मर्टेन्स हे जर्मन सर्पतज्ज्ञ स्वतः पाळलेल्या, मागेच विषदंत असणाऱ्या ट्विग स्नेकच्या चाव्याने गेले. ही माणसं नवशिकी नव्हती. आणि कॉलेजातल्या पोराला सांगताय, बिनधास्त हाताळ?

आता ती क्रमवारी. ठरावीक उंदरांपैकी निम्मे मरायला किती विष लागतं, यावरून ती काढलीय. त्या हिशेबात तैपान पहिला, हे खरं. पण एका चाव्यात विष किती उतरतं, हे त्यात येत नाही. नागराजाचं, म्हणजे किंग कोब्राचं, विष थेंबाला थेंब तोललं तर नागापेक्षा सौम्य, पण एका चाव्यात तो इतकं सोडतो की त्या तुलनेला अर्थच उरत नाही. आणि चावल्यावर जवळच्या दवाखान्यात त्या सापाचं औषध आहे का? आपल्याकडचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. नागराजासाठीचं थायलंडमध्ये होतं, बूमस्लँगचं दक्षिण आफ्रिकेत. तालुक्याच्या डॉक्टरने ते कुठून आणायचं?

आणि नाग क्रमवारीत खाली आहे म्हणून सौम्य? भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांना चावायला तैपान ऑस्ट्रेलियातून आला नव्हता.

विषदंत काढण्याबद्दल एवढंच: मागे राखीव दात तयारच असतात, काही आठवड्यांत नवे येतात. विषग्रंथी तर शाबूतच असते. मधल्या काळात बिचाऱ्या सापाचं तोंड सडतं. हा निव्वळ छळ आहे.

मालकाला ओळखण्याची गोष्ट अर्धी खरी, हे नाइलाजाने मान्य करतो. रोजच्या हाताळणीला काही साप सरावतात, कमी बिथरतात. पण ती ओळख नव्हे. उंदीर भरवून तोच हात परत पिंजऱ्यात घातला, की सापाला येतो तो उंदराचा वास. तुमचं नाव त्याला ठाऊक नसतं.

आणि नाग घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ते व्हिडिओत कुठेच नाही.

भाच्याच्या मित्रांपैकी कुणाकडे बरणीत साप असेल, तर त्याने झाकणाला हात न लावता वनविभागाला 1926 वर फोन करावा. चावलाच असेल, तर फोटो काढत बसू नये, चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. 108 लावून थेट सरकारी रुग्णालय गाठावं.