एमव्हीडीआर सूत्रात आणि हातातल्या डेटात

नमस्कार. रडारने लक्ष्याची दिशा कशी काढायची यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. तुमचे आक्षेप दोन. कॅपनने १९६९ मध्येच एमव्हीडीआर (डेटा बघून वजनं ठरवणारी, नको त्या दिशांचे सिग्नल दाबणारी अडॅप्टिव्ह पद्धत) मांडलेलं असताना मी अजून विंडो लावून साधं बीमफॉर्मिंग (अँटेनांचे सिग्नल आधीच ठरलेल्या वजनांनी जोडून एका दिशेकडे रोखणं) करा म्हणतो, हे जुनाट आहे. आणि ३ ट्रान्समीटर, ४ रिसीव्हर मिळून १२ आभासी अँटेना (ट्रान्समीटर-रिसीव्हरची प्रत्येक जोडी म्हणजे एक) होत असतील, तर त्या खऱ्या १२ पेक्षा कमी का लेखायच्या?

दुसरा आधी घेतो. अँटेनांमध्ये अर्ध्या तरंगलांबीचं अंतर धरलं तर सरळ समोर बीमची रुंदी खऱ्या आणि आभासी दोन्ही १२ ची साधारण ८.५ अंश. यावर वाद नाहीच. पण ट्रान्समीटर आळीपाळीने चालतात, आणि तेवढ्यात लक्ष्य हललेलं असतं. ७७ गिगाहर्ट्झ आणि २० मायक्रोसेकंदांचा चर्प (वारंवारता सरकत जाणारा एक छोटा सिग्नल) धरा. लक्ष्य सेकंदाला १० मीटरने येत असेल तर एका ट्रान्समीटरपासून पुढच्यापर्यंत फेज (लहरीची आवर्तनातली जागा) ३७ अंश सरकते. डॉप्लरवरून, म्हणजे मोजलेल्या वेगावरून, ती दुरुस्त करता येते, सगळेच करतात. मात्र प्रत्येकाची पाळी आता ६० मायक्रोसेकंदांनी येते, म्हणून वेग निःसंदिग्ध मोजण्याची मर्यादा सेकंदाला सुमारे ४९ वरून १६ मीटरवर घसरते. मग ३० मीटर वेगाने येणारं लक्ष्य २.४ मीटरने लांब जाताना दिसतं. त्या वेगावरून केलेली दुरुस्ती दर ट्रान्समीटरमागे नेमकी १२० अंशांनी चुकते, आणि खऱ्या दिशेला तिघांची बेरीज होते शून्य. जिथे शिखर हवं, बरोबर तिथेच खड्डा! खऱ्या १२ रिसीव्हरना ही भानगडच नाही.

आता एमव्हीडीआर. सूत्रातली कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (अँटेनांच्या सिग्नलांचं एकमेकांशी नातं सांगणारा तक्ता) खरी असते, आपल्या हातात असतो तिचा अंदाज. रीड, मॅलेट आणि ब्रेनन यांनी १९७४ मध्ये दाखवलं की आदर्शाच्या सरासरी ३ डीबीच्या (म्हणजे निम्म्या ताकदीच्या) आत राहायचं तर अँटेनांच्या सुमारे दुप्पट स्नॅपशॉट (सगळ्या अँटेनांचं एका वेळचं मोजमाप) लागतात. म्हणजे आपल्याला २४, तेही लक्ष्याचा सिग्नल त्यात मिसळलेला नसताना. रेंज-डॉप्लर एफएफटीने सिग्नल अंतर आणि वेगानुसार खणांत (सेलमध्ये) वाटल्यावर एका सेलमागे उरतो एकच. त्यातून १२ बाय १२ मॅट्रिक्स केली तर रँक १ (स्वतंत्र ओळ एकच), तिचा व्यस्त काढणार कसा? डायगोनल लोडिंगने (मॅट्रिक्सच्या कर्णावर एक संख्या मिळवून) तो निघतो खरा, पण लोडिंग वाढवत नेलं की तुमचं एमव्हीडीआर माझ्या जुनाट बीमफॉर्मरसारखंच वागू लागतं. (ही गंमत मला आवडते, कबूल.)

शिवाय कॅलिब्रेशन, म्हणजे सगळे चॅनेल एकमेकांशी जुळवणं. चॅनेलमध्ये १० अंश आरएमएस फेज चूक राहिली तर १२ अँटेनांवर साइडलोबची (मुख्य दिशेबाहेर ऐकू येणाऱ्या सिग्नलची) सरासरी पातळी उणे २६ डीबीच्या आसपास अडते. उणे ४० ची विंडो मग शोभेपुरती, आणि त्यासाठी रुंद केलेला बीम वर फुकट. हे माझ्याही बाजूला लागू आहे. पण साधा बीमफॉर्मर निदान लक्ष्य गिळत नाही. अशी चूक राहिलेली असताना लक्ष्याचाच सिग्नल डेटात असेल आणि तो जोरदार असेल, तर एमव्हीडीआर त्याला उपरा समजून दाबतं.

विमानातून खाली बघणारा रडार, जमिनीचा क्लटर (नको असलेले प्रतिध्वनी), एखादा जॅमर, आणि ट्रेनिंगला, म्हणजे मॅट्रिक्सचा अंदाज काढायला, शेजारचे पुष्कळ रेंज सेल हाताशी असतील, तर मीही अडॅप्टिव्हच वापरेन. माझा लेख त्याबद्दल नव्हता.

तुमच्या सिम्युलेशनमधल्या मॅट्रिक्सवर मला शंका आहे. ती मॉडेलमधून थेट घेतलीय की डेटातून? डेटातून घेऊन, १० अंशांची फेज चूक घालून पुन्हा चालवा आणि आलेख इथेच टाका.